जॉर्ज टाउन, पेनांग: घरं वाचली, घरातली माणसं कुठे गेली?

समुद्रपार

मलेशियातल्या पेनांग बेटावर येणारे आपले बहुतेक पर्यटक आर्मेनियन स्ट्रीटवरच्या भित्तिचित्रांसमोर फोटो काढतात, एखादं देऊळ बघतात आणि लंकावीला निघून जातात. आम्ही नोकरीनिमित्त या बेटावर राहतो आणि जॉर्ज टाउन या जुन्या शहरात माझं सतत जाणं-येणं असतं. या वस्तीबद्दल मराठीत नीट लिहिलेलं फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी थोडा इतिहास. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने शेजारच्या केदाह राज्याच्या सुलतानाकडून हे बेट पदरात पाडून घेतलं. सयामविरुद्ध (आताचं थायलंड) लष्करी मदत मिळेल अशी सुलतानाची अपेक्षा होती. ती मदत आलीच नाही. १७९१ मध्ये त्याने बेट परत घ्यायचा प्रयत्न केला, तो कंपनीने मोडून काढला. लाइटने बेटाच्या टोकावर किल्ला आणि चार-सहा सरळ रस्ते आखले, शहराला इंग्लंडच्या राजाचं, तिसऱ्या जॉर्जचं, नाव दिलं आणि बंदर करमुक्त ठेवलं. मग फुजियान-ग्वांगडोंगचे चिनी, कोरोमंडल किनाऱ्यावरचे तमिळ मुसलमान (यांना इथे चुलिया म्हणत), चेट्टियार सावकार, सुमात्रातल्या आचेहून अरब आणि मलय व्यापारी, आर्मेनियन, बर्मी, सयामी असे सगळे येऊन राहिले. रस्त्यांची नावं अजून तीच आहेत: चुलिया स्ट्रीट, आर्मेनियन स्ट्रीट, आचे स्ट्रीट.

पूर्वीचा पिट स्ट्रीट, म्हणजे आताचा जालान मस्जिद कपितान केलिंग, एका टोकाकडून चालायला घ्या. सुरुवातीला सेंट जॉर्ज चर्च, १८१८ सालचं. थोडं पुढे चिन्यांचं क्वान यिन देवीचं देऊळ. तिथल्या अंगणात दंडाएवढ्या जाड अगरबत्त्या जळत असतात आणि धुराने डोळे चुरचुरतात. त्याच्या पुढे, पाठीमागच्या गल्लीत तोंड असलेलं श्री महामरिअम्मन मंदिर, १८३३ चं. मग १८०१ ची कपितान केलिंग मशीद, चुलियांच्या पुढाऱ्याने, कादर मोहिद्दीनने, उभी केलेली. आणखी थोडं चाललं की आचे स्ट्रीटची मशीद आणि खू घराण्याचं कुलगृह, खू कोंग्सी. रमतगमत गेलात तरी पंधरा-वीस मिनिटांत सगळं होतं. यातली एकही वास्तू वस्तुसंग्रहालय म्हणून बांधलेली नाही. सगळीकडे आजही पूजा, नमाज, लग्नं, बारसी चालतात.

आणि या सगळ्यांच्या मधे हजारो दुकानघरं. तोंड अरुंद, आत लांबी मात्र खूप. खाली दुकान, वर बिऱ्हाड. मधोमध उजेड-वाऱ्यासाठी उघडा चौक, आपल्या वाड्यात असतो तसा, फक्त आकाराने लहान. पुढे पाच फूट रुंदीचा आच्छादलेला ओटा, जो शेजारच्या ओट्याला जोडलेला असतो. म्हणजे पाऊस असो की ऊन, माणूस दुकानांच्या कडेकडेने सावलीतून चालू शकतो. निदान ओट्यावर कोणी मोटरसायकल लावलेली नसेल तर.

आता मूळ मुद्दा. ही घरं टिकली कशी? मोठं कारण म्हणजे भाडे-नियंत्रण. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेल्या घरांची भाडी इथे कायद्याने गोठवलेली होती. १९६६ च्या कायद्याने ते आणखी पक्कं झालं. घर पाडून नवं बांधण्यात मालकाला रस नव्हता, कारण भाडेकरू हलत नव्हता. त्यामुळे सुतार, वेत विणणारे, पाट्या कोरणारे, टोप्या शिवणारे, मसाले दळणारे पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागेत राहिले. १ जानेवारी २००० पासून ते नियंत्रण उठलं. भाडी एकदम कितीतरी पटींनी चढली आणि बिऱ्हाडं बाहेर पडायला लागली.

त्यानंतर २००८ च्या जुलैमध्ये मलाक्का आणि जॉर्ज टाउन ही दोन्ही शहरं मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. जॉर्ज टाउनचं गाभा-क्षेत्र साधारण १०९ हेक्टर, त्याभोवती दीडशे हेक्टरांचं संरक्षक क्षेत्र. इमारतीची उंची, छपराची कौलं, खिडक्यांची ठेवण, पाटीचा आकार, सगळ्याला नियम लागले. भाडं किती असावं आणि जुन्या भाडेकरूला किती वर्षं राहता यावं, हे मात्र बाजारावर सोडलं गेलं.

चुलिया स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीत एक वेतकाम करणारे आजोबा होते. वडिलांपासूनचं दुकान. आता ते मुलाकडे उंच इमारतीत राहतात. त्यांच्या जागी कॉफीचं दुकान आहे, आणि त्यांची सोनेरी अक्षरांची लाकडी पाटी नव्या मालकाने कॉफीयंत्राच्या वर जपून लावली आहे. पाटी उत्तम स्थितीत आहे, रोज पुसतात. मला त्या दुकानात बसवत नाही.

मला असं वाटतं की वस्ती म्हणजे तिथे राहणारी, भाडं भरणारी माणसं. त्यांच्या राहण्याला संरक्षण दिलं नाही तर नुसत्या भिंती जपून अर्धंच काम होतं. मुंबईतल्या जुन्या भागांशी याचं फार जवळचं नातं आहे, म्हणून इथल्या जाणकारांचं मत हवं आहे.

---

ठाकुरद्वार

ताई, वाचताना गिरगावच डोळ्यांपुढे आलं. तारखांचा योगायोग बघा. तुमच्याकडे १ जानेवारी २००० ला नियंत्रण उठलं. आमच्याकडे १९४७ चा भाडे कायदा होता, त्यात भाडी १९४० च्या पातळीला बांधलेली. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला तो ३१ मार्च २००० पासून. तीन महिन्यांचं अंतर! पण मलेशियाने नियंत्रण काढलं आणि महाराष्ट्राने जुन्या भाडेकरूंचं संरक्षण ठेवलं, वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा देऊन.

परिणाम नेमका उलटा झाला. जॉर्ज टाउनमध्ये इमारत राहिली आणि भाडेकरू गेला. गिरगावात पुनर्विकासात भाडेकरूला हक्काचं घर मिळतं, पण चाळ जाते. आमची तीन मजली चाळ गेली. पुढची गॅलरी, गॅलरीतले गणपतीचे मखर, जिन्याखालचा पिठाच्या गिरणीवाला, काही राहिलं नाही. मी आता त्याच जागेवर बाविसाव्या मजल्यावर राहतो, आणि शेजारी कोण आहे ते मला लिफ्टमधल्या सूचनाफलकावरून कळतं.

तरीही खरं सांगतो, आईला म्हातारपणी स्वतःचं न्हाणीघर आणि संडास मिळाला, यासाठी मी ती चाळ पुन्हा पाडायला तयार होईन. चाळीच्या टोकाचा सामाईक संडास पावसाळ्यात रात्री दोन वाजता ज्याने गाठलाय त्यालाच हे कळेल.

---

व्यवहारी

लेख चांगला आहे, पण मालकाची बाजू कुठेच आली नाही. पन्नास वर्षं ज्याला दुरुस्तीच्या निम्म्या खर्चाचंही भाडं मिळालं नाही, त्याने छप्पर कशातून शाकारायचं? माझ्या आजोबांची दादरला इमारत होती. एका खोलीचं भाडं महिन्याला जेवढं येई तेवढ्यात प्लंबर दारातही उभा राहत नसे. इमारत पडायला आली तेव्हा सगळ्यांनी आम्हालाच बोल लावला. वारसा सगळ्यांचा असेल तर खर्चही सगळ्यांनी उचलायला हवा. एका माणसाच्या खिशातून शहराचं सौंदर्य जपणं हा अन्याय आहे.

---

समुद्रपार

व्यवहारी, तुमचं म्हणणं पटतं. इथेही नियंत्रण होतं तेव्हा कितीतरी घरांची कौलं गळत होती, तुळयांना वाळवी लागली होती. नियंत्रण परत आणा असं मी म्हणत नाही. पण उठवताना जेमतेम सव्वादोन वर्षांची मुदत दिली आणि त्या मुदतीत भाडेकरूंसाठी पुरेशी पर्यायी घरं उभी राहिली नाहीत, हा माझा आक्षेप आहे. नंतर २००९ पासून सरकारी पैशांतून चालणाऱ्या एका संस्थेने दुरुस्तीसाठी मालक आणि भाडेकरू दोघांनाही अनुदानं दिली. तोवर बरेच जण निघून गेले होते. हाच पैसा दहा वर्षं आधी आला असता तर?

इथली एक वेगळी गोष्ट सांगते. जॉर्ज टाउनमध्ये बरेच मोठे घरमालक एकेकटी माणसं नाहीत. चिनी कुलसंस्था (कोंग्सी), मशिदींचे वक्फ, देवळांचे विश्वस्त यांच्याकडे रांगाच्या रांगा आहेत. खू कोंग्सीच्या चौकाभोवतीची घरं त्या संस्थेचीच. फुजियानमधल्या एका गावचे, एका आडनावाचे लोक परदेशात आले, तेव्हा नव्या माणसाला झोपायला जागा, कामाची ओळख, मेल्यावर अंत्यसंस्कार, हे सगळं कोंग्सी बघायची. भाडं त्या कामासाठी यायचं. तेव्हा अशा संस्थेने आपल्या घरांचं भाडं ठरवताना फक्त बाजारभाव बघावा का, हा प्रश्न इथे लोक उघडपणे विचारतात. काही विश्वस्त ऐकतात, काही नाही.

---

चुना_वीट

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, पुण्यात आणि कोकणात. तांत्रिक अंगाने थोडं लिहिते, कारण ‘जपलेली’ इमारत म्हणजे काय यावरच बराच घोळ असतो.

या दुकानघरांच्या विटा कमी आचेवर भाजलेल्या, मऊ. जोडणी चुन्याची, गिलावाही चुन्याचा. अशी भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि चुन्यातून हळूहळू बाहेर सोडते. पेनांगसारख्या दमट हवेत हे चक्र बाराही महिने चालू असतं. आता कोणी हौसेने त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग चढवला की पाण्याची वाट बंद. पाणी भिंतीतच वर चढतं, त्यातले क्षार विटेला आतून फोडतात. दोन-तीन पावसाळ्यांत रंगाला फुगे येतात, हात लावला की विटेची भुकटी पडते. मालक म्हणतो जुनी भिंत खराब होती. भिंत शंभर वर्षं ठीक होती, सिमेंटने घात केला.

मी तिथे कामानिमित्त गेले होते तेव्हा चोंग फात झे या चिनी व्यापाऱ्याचं निळं घर बघितलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं. निळा रंग म्हणजे चुन्याच्या निवळीत मिसळलेली नीळ. तिथल्या दुरुस्तीला २००० साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला पुरस्कार मिळाला, वारसा यादीच्या आठ वर्षं आधी. छतावरच्या चिनी मातीच्या तुकड्यांच्या कलाकुसरीसाठी चीनमधून कारागीर आणले होते. भिंतीला तळहात लावून बघितला. बाहेर घामाच्या धारा आणि भिंत गार. चुन्याची भिंत श्वास घेते तेव्हा अशी लागते.

समुद्रपार, एक विचारायचं होतं. पाकोळ्यांच्या घरट्यांचा धंदा बंद झाला का? मी गेले तेव्हा काही घरांच्या खिडक्या विटांनी बुजवून आत पाकोळ्या पाळत होते.

---

समुद्रपार

हो, वारसा क्षेत्रात त्यावर बंदी आली आणि ती घरं रिकामी करून घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या पाकोळ्यांची लाळेची घरटी चिनी लोक सूप करून खातात, त्याला भरपूर भाव मिळतो. भाडेकरू गेल्यावर रिकाम्या घराच्या खिडक्या बुजवायच्या, आत ओल धरायची, ध्वनिमुद्रित चिवचिवाट लावून पाखरं बोलवायची. शेजाऱ्यांना दिवसरात्र तो आवाज आणि विष्ठेचा वास. भिंतींची काय दशा होते ते तुम्ही जास्त चांगलं सांगाल. माणसं गेलेल्या घराचं काय होतं, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मी बघितलेलं नाही.

---

रंगपट

मुंबईशी एक धागा आहे, तो कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. १८७० च्या दशकात मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या जहाजाने पेनांगला जात. हिंदुस्तानीत खेळ, रंगवलेले पडदे, हार्मोनियम, परी आणि राक्षस, सगळा थाट. भाषा कळत नसूनही मलय लोकांनी ते डोक्यावर घेतलं. अशी एक कंपनी परत जायला निघाली तेव्हा तिचं सामान पेनांगच्या एका भारतीय मुसलमान माणसाने, मामक पुशीने, विकत घेतलं असं सांगतात आणि १८८५ मध्ये मलय भाषेत स्वतःची मंडळी काढली. त्यातून ‘बांगसावान’ हा मलय संगीत नाटकाचा प्रकार उभा राहिला. पुढे तो सिंगापूर, सुमात्रा, जावापर्यंत गेला. आपल्याकडे संगीत रंगभूमी बाळसं धरत होती त्याच दशकात तिकडे ही सुरुवात होत होती, आणि दोन्हीकडे पारशी कंपन्यांचे पडदे समोर होते.

---

ठाकुरद्वार

रंगपट, वा! हे अजिबात ठाऊक नव्हतं. म्हणजे ग्रँट रोडच्या नाटकगृहांचे पडदे पेनांगला टांगले गेले.

---

चुना_वीट

आणखी एक नातं आहे, दुःखाचं. अंदमानच्या आधी कंपनी सरकार जन्मठेपेचे कैदी पेनांगला पाठवत असे, बंगाल आणि मद्रासबरोबर मुंबई इलाख्यातूनही. रस्ते, नाले, सरकारी इमारती त्यांच्याकडून बांधून घेतल्या. वर उल्लेख आलेलं सेंट जॉर्ज चर्चही कैद्यांच्या श्रमातून उभं राहिलं आहे. ‘स्थलांतरितांची वस्ती’ म्हणताना आपल्या मर्जीविरुद्ध आणलेली ही माणसंही त्यात धरली पाहिजेत.

---

सिंगापूरचा_नाना

सिंगापूरचा अनुभव जोडतो. आमच्याकडे १९८९ मध्येच चायनाटाउन, कांपोंग ग्लाम, लिटल इंडिया हे भाग संरक्षित जाहीर झाले. भाडे-नियंत्रण त्यानंतर २००१ मध्ये पूर्ण रद्द केलं. दुरुस्तीचं काम नीटनेटकं, नियम कडक, रंगसुद्धा ठरावीक. पण चायनाटाउनमधले मूळ रहिवासी त्याच्या कितीतरी आधी सरकारी घरांत हलवले गेले होते. आज तिथे रात्री नऊनंतर राहणारं माणूस क्वचित दिसतं. त्या मानाने लिटल इंडिया जिवंत आहे, कारण तिथे रविवारी बांगलादेशी आणि तमिळ कामगार येतात, भाजी घेतात, घरी पैसे पाठवतात. ते तिथे राहत नाहीत, पण ती जागा त्यांच्या गरजेची आहे. जॉर्ज टाउनला गेलं की मला अजून पहाटे दाराशी झाडू मारणारी आजी दिसते. ती आहे तोवर काहीतरी करता येईल.

---

मंजिरी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. डिसेंबरात सासू-सासऱ्यांना घेऊन जातोय. दोघं शाकाहारी आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. काय बघावं आणि रहिवाशांना त्रास न देता कसं बघावं, सांगाल का?

---

समुद्रपार

मंजिरी, हा प्रश्न विचारलास हेच आवडलं. पहाटे सात ते नऊ चाला, नंतर ऊन फार होतं. दुकानांचे ओटे जोडलेले असले तरी पायऱ्या वरखाली आहेत, म्हणून सासूबाईंसाठी सायकलरिक्षा घ्या. चालवणारे बहुतेक वयस्क आहेत, भाव आधी ठरवा आणि घासाघीस करू नका.

खाण्याची चिंता नको. पेनांग स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीटच्या भागात, म्हणजे लिटल इंडियात, डोसे, इडल्या, केळीच्या पानावरचं जेवण शाकाहारी मिळतं. चिनी शाकाहारी खानावळीही आहेत, विशेषतः चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी त्या भरलेल्या असतात.

समुद्रकाठच्या कुलांच्या वस्तीत, ‘वेल्ड की’ या रस्त्यावर, जरूर जा. चू, लिम, तान, ली अशा एकेका आडनावाचा एकेक लाकडी धक्का आहे, समुद्रात खांबांवर उभा, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी घरं. हे लोक बोटींतून माल उतरवायचं काम करत. १९६९ मध्ये करमुक्त बंदराचा दर्जा गेला तशी ती कामं आटली. कोआय आणि पेंग आउन हे दोन धक्के २००६ मध्ये गृहप्रकल्पासाठी पाडले गेले, वारसा यादीच्या फक्त दोन वर्षं आधी. चू धक्क्यावर आज घरोघरी टी-शर्ट आणि लोहचुंबकं विकायला आहेत. त्यावर लोकांचं पोट आहे, नावं ठेवू नये. पण शेजारच्या तान धक्क्यावर फळीवरून चालताना दोन्हीकडे उघडी दारं असतात, आत देव्हारा, टीव्ही, जेवणारं कुटुंब. तिथे कॅमेरा पिशवीत ठेवा. ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या आहेत आणि त्या लावाव्या लागल्या हे वाईट आहे.

चिनी नववर्षाच्या नवव्या दिवसाच्या आदल्या रात्री आलात तर चू धक्क्यावर जेड सम्राटाची पूजा बघायला मिळेल. लांबच लांब टेबलं, ऊस उभे बांधलेले, कागदी सोन्याचे डोंगर, मध्यरात्री सगळं पेटवतात. तैपूसम या तमिळ सणाला या. सणाच्या आदल्या दिवशी मुरुगनच्या (कार्तिकेयाच्या) रथापुढे चिनी कुटुंबं हजारो नारळ फोडतात, तमिळांइतक्याच श्रद्धेने. दोन्ही सण बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत येतात, डिसेंबरात नाही. पुढच्या वेळी त्यानुसार तिकिटं काढा.

राहायला वारसा क्षेत्रातलं एखादं जुनं घर घ्यायचं असेल तर घरमालक तिथेच राहतो का हे विचारा. राहत असेल तर तिथे उतरा.

---

व्यवहारी

शेवटच्या वाक्याबद्दल आभार. मालकही रहिवासी असू शकतो हे कोणीतरी म्हटलं. आमच्या दादरच्या इमारतीत आजोबा शेवटपर्यंत तळमजल्यावर राहिले, भाडेकरूंच्या खाली, गळणाऱ्या त्याच छपराच्या इमारतीत.

---

ठाकुरद्वार

व्यवहारी, हे वाचून गप्प झालो. आमचे मालकही तसेच होते. त्यांच्याशी आम्ही चाळकऱ्यांनी कित्येक वर्षं कोर्टात भांडलो, आणि गणपतीची पहिली वर्गणी दरवर्षी त्यांचीच असायची.

समुद्रपार ताई, एक काम आहे. आमच्या शेजारच्या दोन चाळी येत्या वर्षात पाडायला घेणार आहेत. खोताची वाडी हाकेच्या अंतरावर, तिच्यावर निदान लिहिलं तरी जातं. या चाळींवर कोणी लिहिणार नाही. तिथे ऐंशी पार केलेली माणसं आहेत, कोणी मालवणहून आलेलं, कोणी राजापूरहून. गिरणीत, छापखान्यात, गोदीत कामाला होती. आमच्यातले चार-पाच जण त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या म्हणतोय. तुमच्याकडे जॉर्ज टाउनमध्ये मौखिक इतिहास नोंदवलाय ना? कसं करतात?

---

समुद्रपार

हो, इथे रस्त्यावार नोंदवला आहे, आणि ते काम मी थोडंफार जवळून बघितलं आहे. ‘तुमच्या आठवणी सांगा’ असं विचारलं की माणूस अवघडतो. घराचा नकाशा काढायला सांगा. कोणत्या खोलीत किती माणसं, कोण कुठे झोपायचं, पाणी किती वाजता यायचं, भाडं कोणाच्या हातात द्यायचं. बोट नकाशावर फिरायला लागलं की बोलणं आपोआप येतं. दुसरं, पत्ता आणि वर्ष प्रत्येक नोंदीला हवंच. आणि शक्य असेल तर त्याच खोलीत बसून करा, खोली उभी आहे तोवर. चुना_वीट यांनी त्या दोन चाळींची मोजणी करून दिली तर नकाशे नेमके होतील.

---

चुना_वीट

देते. ठाकुरद्वार, व्यक्तिगत संदेश पाठवला आहे. पाडकाम सुरू व्हायच्या आधी दोन रविवार मिळाले तरी मोजणी होईल. जिन्याचा कठडा आणि गॅलरीचे लाकडी ब्रॅकेट मात्र कंत्राटदाराकडे जाण्याआधी मागून ठेवा.